काकांची डिलिव्हरी

घर भाड्यानं देताना लोक पगाराची स्लिप मागतात, क्रेडिट स्कोअर विचारतात. काकांनी आम्हाला विचारलं, "तुमचं दोघांचं भांडण झालं, की तुम्ही एकाच कोचावर बसता का वेगवेगळ्या?"

माझा नवरा गडबडला. आयटीतला माणूस, त्याला वाटलं या प्रश्नाचं काहीतरी बरोबर उत्तर असणार आणि ते चुकलं तर घर जाणार. मी पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, "काका, आमच्याकडे कोच एकच आहे. भांडण झालं की मी त्यावर बसते आणि हा उभा राहतो."

काका एकदम खूश. "चालतंय," म्हणाले. "आमच्याकडं एक जोडपं आहे. कितीही बिनसू दे, बसणार एकाच फांदीवर. शेपटीत शेपटी गुंतवून." फांदीपर्यंत मी ऐकून घेतलं. शेपटी आल्यावर मी नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्यानं दाराकडे. पण भाडं परवडत होतं, बाहेर टेक्ससचं ऊन मी म्हणत होतं, आणि काकांनी तोवर आमच्यासाठी चहा टाकला होता. आम्ही राहिलो.

शुगर लँडमधलं ते घर, गॅरेजवरच्या दोन खोल्या आमच्या आणि खालचं सगळं घर एकट्या काकांचं. आता आम्ही डॅलसकडे राहतो, आमचं स्वतःचं घर आहे, कोचही दोन आहेत. तरी मधूनच काकांची अशी आठवण येते, की हातातलं काम थांबतं.

ते जोडपं म्हणजे टीटी माकडं. तासाभराच्या ड्राइव्हवर एक झू होतं, तिथे काचेच्या मोठ्या घरात दक्षिण अमेरिकेतलं जंगल केलेलं. आत कायम दमट, पानांवरून पाणी ठिबकत असायचं. रिटायर झाल्यापासून काका तिथे व्हॉलंटिअर होते. गळ्यात बिल्ला अडकवून काचेपाशी उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माकडांची माहिती सांगायची. माकड म्हणजे तरी केवढं? विटकरी रंगाचं, वजन जेमतेम किलोभर, आणि शेपटी अंगापेक्षा लांब. नराला काका भाऊसाहेब म्हणायचे आणि मादीला वहिनी. झूमध्ये त्यांची दुसरी काही नावं होती, पण काकांनी ती कधी मनावर घेतली नाहीत.

"शेपटी बघ," ते मला सांगायचे. "दुसरी कितीतरी माकडं शेपटीनं फांदी धरतात. याला ते जमत नाही. याची शेपटी झाडावर काही कामाची नाही. फक्त बायकोच्या शेपटीत गुंतवायला." मग जरा थांबून, "माणसाला शेपूट नाही, सगळी अडचण तिथं आहे बघ."

हे वाक्य ते कुठेही म्हणायचे. मंडळाच्या गणपतीत कुणाच्या तरी घटस्फोटाची कुजबुज चाललेली असायची, आणि काका मसालेभाताची प्लेट सावरत मध्येच म्हणणार, "शेपूट पाहिजे होतं." लोक हसायचे. सगळ्या मंडळात त्यांना माकडवाले काका म्हणायचे, हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

ही माकडं त्यांना दाखवली काकूंनी. कुणाची तरी मुलं घेऊन दोघं झूला गेले होते, तेव्हा गुंतवलेल्या शेपट्या बघून काकू म्हणाल्या होत्या, "बघा, शिका जरा काहीतरी." काकू गेल्या, आणि वर्षभरानं काका एकटेच पुन्हा तिथे जाऊन उभे राहिले. हे त्यांनीच मला सांगितलं. सांगताना कोचाच्या एका टोकाला बसले होते. ते नेहमी त्या टोकालाच बसायचे, बाकीचा कोच रिकामा सोडून.

त्यांच्या एका सवयीनं मात्र माझं डोकं फिरायचं. टीटींचं जोडपं सकाळी उठल्या उठल्या मोठमोठ्यानं गातं. नर एक सूर लावतो, मादी त्यात आपला मिसळते, आणि सगळ्या जंगलाला कळतं की या झाडावर आम्ही राहतो. काका सकाळी कढीपत्त्याला पाणी घालताना तेच ओरडायचे. "हूउउक, हूउउक, गॉबल गॉबल गॉबल!" शनिवारी सकाळी, सांगा! एकदा मी वैतागून खिडकी उघडली, आता चांगलं झापते म्हणून. आणि माझ्या लक्षात आलं, की काका मधेमधे थांबतायत. नराचा भाग म्हणून झाला की पाण्याची नळी धरून गप्प उभे राहायचे, मादीच्या भागाएवढं. मग पुन्हा आपला भाग.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी खिडकीतून ओरडले, "हिक हिक हूउउक!" काकांच्या हातातली नळी सुटली आणि पायजमा भिजला. "सूर चुकला," खालून म्हणाले, "पण वेळेवर आलीस." तेव्हापासून शनिवारी आमची जुगलबंदी ठरलेली. नवरा उशी कानावर दाबून झोपायचा.

काकांना एक मुलगी. केतकी. सिअ‍ॅटलला राहते, नवरा अमेरिकन, डॅनियल. तिथे तिला सगळे केट म्हणतात. रविवारी बापलेकीचा फोन व्हायचा, इंग्रजीत, आणि मी खाली असले तर मला ऐकू यायचा. तिकडे पाऊस आहे का, इकडे ऊन आहे, गाडीचे टायर बदलले का. ओके बाबा, ओके बेटा. फोन ठेवला की काका जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहायचे आणि मग उगाचच फ्रिज उघडून बंद करायचे.

"ती झाली तेव्हा मी इथं," त्यांनी एकदा सांगितलं. "बारसं फोनवर ऐकलं. म्हटलं, दोनचार महिन्यांत बोलावून घेतो दोघींना. पहिल्यांदा व्हिसा अडला. मग माझी नोकरी बदलली, पुन्हा पहिल्यापासनं सगळं. ती चार वर्षांची होऊन आली. एअरपोर्टवर मी असे हात पुढं केले, म्हटलं, ये, घेतो. ती आईच्या मागं लपली आणि म्हणाली, 'आई, हे काका कोण?'"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "लहान मुलं म्हणतातच काका."

"तेच की. सगळं शुगर लँड मला काका म्हणतं. पहिल्यांदा म्हणाली ती माझी मुलगीच."

मग शाळा सुरू झाली आणि कुणीतरी सांगितलं, मुलीशी घरात इंग्रजीच बोला, नाहीतर ती मागे पडेल. काकांनी तो नियम करून टाकला. इचलकरंजीचा माणूस, स्वतःचं इंग्रजी कारखान्यातल्या मशिनपुरतं, आणि मुलीशी बोलायचं ते त्यातच. उरलं टायर आणि पाऊस. भाऊसाहेबांकडे ते तासन् तास का बघत बसतात, हे मला त्या दिवशी कळलं. कारण टीटींमध्ये पोराला बाप घेतो. आईकडे ते फक्त दूध प्यायला जातं. पिऊन झालं की बाप हात पुढे करतो आणि पोर पुन्हा त्याच्या पाठीवर. दिवसभर, जाईल तिथे, पार ते चांगलं थोराड होईपर्यंत.

"आई जरा लांब गेली तर पोराला एवढं वाटत नाही," काका म्हणाले. "बाप दिसेनासा झाला तर मात्र किंचाळतं. मोठं झालं तरी उतरत नाही. शेवटी भाऊसाहेब खांदा झटकतो, फांदीला पाठ घासतो, तरी ते चिकटलेलं. मला कधी कुणाला झटकायची वेळच आली नाही गं."

हे ते मला मराठीत सांगत. झूमध्ये इंग्रजीत सांगायचे, आणि तिथे घोळ होता. आपल्याकडे बाळंतपणाला डिलिव्हरी म्हणतात. आई अमेरिकेत मुलीची डिलिव्हरी करायला येते, म्हणजे डिंकाचे लाडू करते, बाळाला न्हाऊ घालते, सहा महिने राबते. काकांच्या डोक्यात डिलिव्हरी म्हणजे हे सगळं. त्यामुळे ते काचेपुढे उभे राहून छातीठोकपणे सांगायचे, "इन धिस मंकी, डिलिव्हरी इज डन बाय द फादर!" अमेरिकन आया तोंडावर हात घ्यायच्या. तिथे काम करणारी एक गोड मुलगी दर वेळी धावत यायची आणि समजावायची, की पिल्लू मादीलाच होतं. काका मान डोलवायचे. "येस, येस. बर्थ बाय मदर. डिलिव्हरी बाय फादर." मी एकदा तिथे उभी होते आणि हसून हसून मला बाहेर जावं लागलं. सांगायला हवं होतं, पण मजा वाटली.

आणि मग केतकीला दिवस गेले.

काका जिना चढून वर आले, एरवी कधी यायचे नाहीत. दारातच म्हणाले, "आई नाही तिला. मी जाणार. मी तिचं बाळंतपण करणार." माझा नवरा म्हणाला, "काका, तुम्ही?" काका म्हणाले, "का? भाऊसाहेब करतो की."

मला आधी हसू आलं, मग नाही आलं. साठी उलटलेला माणूस एवढंसं तोंड करून उभा होता. मी साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. आता माझ्या आईची पंचाईत. परक्या पुरुषाशी बाळंतिणीच्या गोष्टी कशा बोलायच्या? ती माझ्याकडेच बघून बोलायला लागली. "त्यांना सांग, अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे." काका माझ्या शेजारी उभे. ते म्हणाले, "विचार, शेक शेगडीचाच द्यायचा का? इथं स्मोक अलार्म वाजतो." आईनं जरा विचार केला आणि लाज विसरून थेट त्यांनाच म्हणाली, "अहो, मग हीटिंग पॅड वापरा की!" तेवढ्यापुरतंच. बाळंतिणीला दूध चांगलं यावं म्हणून काय करायचं, हा विषय निघाल्यावर आईनं फोन छताकडे वळवला आणि पुढचं सगळं आम्ही पंख्याकडून ऐकलं.

सरावाला काकांनी गव्हाच्या पिठाची पिशवी घेतली. तिला टॉवेलात गुंडाळलं, मानेखाली हात कसा धरायचा ते आईनं दाखवलं, आणि एका रविवारी काकांनी ती पिशवी दिवसभर खाली ठेवली नाही. एका हातानं कांदा चिरला, एका हातानं दाढी केली, मेल बॉक्सपर्यंत पिशवी खांद्यावर घेऊन गेले. शेजारच्या बाईनं विचारलं, "इज एव्हरीथिंग ओके?" काका म्हणाले, "येस, येस, प्रॅक्टिसिंग." पिशवी एका कोपऱ्यात फुटली होती. काकांच्या शर्टावर मागे पिठाची रेघ आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मी ती तशीच राहू दिली.

त्याच संध्याकाळी त्यांनी केतकीला फोन केला, तेव्हा मी घरी नव्हते. दुसऱ्या दिवशी खाली गेले तर काका कोचाच्या टोकाला बसलेले. म्हणाले, "नको म्हणाली."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. केतकीचा मेसेज इंग्रजीत होता. बाबा, प्लीज डिलिव्हरीला येऊ नका, मला आणि डॅनियलला ते फार ऑकवर्ड होतंय, आम्ही फोटो पाठवू.

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले. "मी कोण तिचा? एवढ्या वर्षांत कधी घेतलं नाही, आणि आता आलो पोराला घ्यायला."

तो आठवडाभर ते झूला गेले नाहीत. शनिवारी सकाळी कढीपत्त्याला पाणी घातलं ते गुपचूप. मी खिडकीत उभी राहून वाट बघितली, एकदा मादीचा सूर लावूनही पाहिला. त्यांनी वर बघून नुसता हात हलवला. मग मात्र मी तडक खाली उतरले.

"काका, तुम्ही नक्की काय म्हणालात तिला? शब्दाला शब्द सांगा."

काका आठवून आठवून सांगायला लागले. "म्हटलं, केतकी, डोन्ट वरी. ममी इज नॉट देअर, सो आय विल कम अँड डू युवर डिलिव्हरी. ती म्हणाली, बाबा, वी हॅव अ डॉक्टर. मी म्हटलं, डॉक्टर इज ओके, बट आय विल डू बेटर. आय हॅव लर्न्ट एव्हरीथिंग. आय हॅव सीन इट मेनी टाइम्स इन द झू."

अरे देवा! मी खालीच बसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. मग मी त्यांना समजावून सांगितलं, डिलिव्हरी म्हणजे इथे काय आणि आपल्याकडे काय. काका ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला, कानापर्यंत.

"म्हणजे तिला वाटलं, मी..."

"हो, काका."

"च्यायला!" काका म्हणाले. "तरीच. तरीच डॅनियल मागनं 'नो थँक यू सर, नो थँक यू सर' करत होता."

"मग आत्ता फोन करा आणि सांगा."

"नको. पुन्हा इंग्रजीत सांगायला जाईन आणि आणखी काहीतरी होऊन बसेल."

"मराठीत सांगा."

"तिला कुठं येतंय? आईशी बोलायची थोडंफार. स्वयंपाकघरात दोघी बोलत असायच्या आणि मी आलो की गप्प व्हायच्या. नियम माझाच ना."

मला राग आला. कुणाचा ते विचारू नका, सगळ्यांचाच आला. त्या नियमाचा, व्हिसाचा, मान खाली घालून बसलेल्या या माणसाचा. मी म्हटलं, "उठा. शर्ट बदला." आणि त्यांना गाडीत घालून झूला घेऊन गेले.

भाऊसाहेबांना नुकतंच पोर झालं होतं. त्या आठवड्यातच, काका नसताना. पाठीवर मुठीएवढा एक गोळा चिकटलेला. काका काचेपाशी गेले आणि मी केतकीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं उचलला. चेहरा सुजलेला, दमलेला, केस वर बांधलेले. "बाबा? इज समथिंग राँग?"

"नो, नो, बेटा, आय ओन्ली..." काका सुरू झाले. मी कोपरानं ढोसलं. त्यांनी फोन काचेकडे धरला, आणि मुलीशी मराठीत बोलले.

"केतकी, हे बघ. हा बाप. त्याच्या पाठीवर ते बारकं दिसतंय? जन्म आईनं दिला. आता ती दमलीय, तिला झोपू दे. पोराला हा घेणार. मला एवढंच म्हणायचं होतं. मला हॉस्पिटलात आत यायचं नव्हतं गं. मी बाहेर बसतो. पार्किंगमध्ये बस म्हणालीस तर तिथं बसतो. तू घरी आलीस, की पोराला मी घेतो. तू झोप."

काचेपलीकडे पोर वळवळलं. वहिनीकडे गेलं, दूध प्यायलं. भाऊसाहेबांनी हात पुढे केला आणि त्याला परत ओढून घेतलं. काकांनी ते सगळं होईपर्यंत फोन धरून ठेवला.

"तुला घ्यायचं राहिलं, केतकी," ते म्हणाले. "तू आलीस तेव्हा मोठी झाली होतीस, आणि मला काही येत नव्हतं. आता येतंय. मी शिकलोय."

शेजारी लहान मुलं काचेला नाक लावून चिवचिवत होती. यातलं केतकीला किती कळलं असेल, कोण जाणे. ती एकदा वर छताकडे बघत होती, एकदा बाजूला. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "ये."

या नाही, ये. बापाशी कसं बोलतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आईनं तिला स्वयंपाकघरात ज्या मराठीत हाक मारली, तेवढंच मराठी तिच्याजवळ उरलं होतं. काका ओके बेटा म्हणायलाही विसरले.

ते गेले ते अळीव, डिंक आणि माझ्या आईनं सांगितलेली बाळगुटी घेऊन. बाळगुटी डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायची नाही, असा दम मी भरला होता. एअरपोर्टवर सोडायला मीच गेले. घरी आले तर खालचं सगळं घर अंधारं, आणि मला उगाचच रडू फुटलं. माझे वडील साताऱ्यात आहेत. मी त्यांना फोन करते तेव्हा आम्ही पण पाऊस आणि टायरच बोलतो.

नात झाल्याचं कळलं, फोटो आला, आणि नंतर काकांचा काही पत्ताच नाही. शनिवार आले, शनिवार गेले. शेवटी एका दुपारी न राहवून मीच फोन केला. बऱ्याच रिंग झाल्यावर त्यांनी उचलला.

"काका! काय हो, विसरलात ना आम्हाला?"

"हळू बोल," ते कुजबुजले. "झोपलीय."

"झोपली का नात? बरं, नंतर करते."

"नात कसली झोपतीय! ती इकडं हातावर आहे, टकामका बघतीय माझ्याकडं. केतकी झोपलीय. रात्रभर जागी होती. आत्ता इथं कोचावर आली, म्हणाली, बाबा, टू मिनिट्स, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं ते गेलीच. चांगला तास झाला. माझा हात पार बधिर झालाय बघ."

"अहो, मग उठवा की तिला. आत जाऊन नीट झोपेल."

फोनवर नातीचा बारीकसा हुंकार ऐकू आला.

"नको गं," ते म्हणाले. "आता कुठं घेतलीय तिला."